धडकेनंतर पुन्हा स्टार्ट



दर वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरचा सुमार आला, की मरीना बेच्या रस्त्यांवर लोखंडी जाळ्या आणि सिमेंटचे ठोकळे उभे राहू लागतात. बसचे मार्ग बदलतात, ऑफिसातून घरी पोचायला अर्धा तास जास्त लागतो, आणि एरवी क्रिकेटशिवाय दुसऱ्या खेळाकडे ढुंकूनही न पाहणारी आपली मंडळी एकमेकांना विचारू लागतात, "काय, या वेळी पोल पोझिशन कुणाची?"

शब्द मूळचा घोड्यांच्या शर्यतीतला. मैदानाच्या आतल्या कडेला जो खांब असे, त्याच्या लगतची जागा ज्या घोड्याला मिळे त्याला धावायला अंतर कमी पडे. तो खांब म्हणजे पोल. पुढे मोटारींच्या शर्यतीत सर्वांत पुढून सुरुवात करण्याच्या मानाच्या जागेला तेच नाव चिकटले. आणि १९८२ साली जपानच्या नाम्को कंपनीने या नावाचा एक व्हिडिओ गेम काढला. या अंकात त्या गेमविषयी लिहायचे आहे. एवढ्या जुन्या खेळण्याची आज आठवण का, असे विचाराल, तर त्याचे कारण आमच्या घरातच आहे.

आमचे चिरंजीव यंदा अठरा पूर्ण झाले. एन. एस.ला जायच्या आधी गाडीचे लायसन्स काढायचे, असे त्याने जाहीर केले आहे. त्याच्या खोलीत टेबलाला क्लॅम्पने घट्ट बसवलेले एक स्टिअरिंग आहे आणि टेबलाखाली पेडल्स. सुटीच्या दिवशी तो त्यावर जगातल्या सगळ्या रेस ट्रॅकवर फिरून येतो. मला त्यात फारसे वावगे दिसत नव्हते. पण एका रविवारी सौ. चहा घेऊन त्याच्या खोलीत गेली, दहा मिनिटे मागे उभी राहिली, आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "त्याने आत्ता सहा वेळा गाडी ठोकली. सहाही वेळा हसला. ह्या मुलाला आपटायची सवय झालीय, आणि तू त्याला खरी गाडी द्यायला निघालायस!"

वाक्य टोचणारे होते. खरे की खोटे ते ठरवण्यासाठी मी इंजिनियरच्या सवयीप्रमाणे मुळापासून सुरुवात केली. आणि या प्रकारच्या खेळांचे मूळ शोधत गेले, की रस्ता 'पोल पोझिशन'वरूनच जातो.

तसे पाहिले तर मोटार शर्यतीचे यंत्र 'पोल पोझिशन'च्या आधीही होते. १९७४ साली अमेरिकेत अटारी कंपनीने 'ग्रॅन ट्रॅक १०' काढला. त्याला स्टिअरिंग, गिअर, पेडल्स सगळे होते, पण आत मायक्रोप्रोसेसर नव्हता. त्याच वर्षी जपानमध्ये ताइतो कंपनीचा 'स्पीड रेस' आला. तो करणारे तोमोहिरो निशिकादो यांनीच पुढे १९७८ मध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स' केला. हे दोन्ही गेम वरून पाहायचे, म्हणजे गच्चीवरून खाली वाकून रस्त्यावरची रहदारी बघावी तसे. १९७६ मध्ये अटारीच्या 'नाइट ड्रायव्हर'ने पाहणाऱ्याला गच्चीवरून उतरवून गाडीत बसवले. पण संपूर्ण रस्ता काढण्याची ताकद त्या यंत्रात नव्हती. म्हणून पडदा काळाकुट्ट ठेवला, रात्र आहे असे सांगितले, आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना फक्त पांढरे खांब दाखवले. आपली गाडी तर पडद्यावर नव्हतीच. ती यंत्राला बसवलेले एक प्लास्टिकचे चित्र होती! गरज ही शोधाची जननी म्हणतात ती अशी.

'पोल पोझिशन'ने दिवस उजाडला. आपली गाडी मागून दिसू लागली, समोर काळाभोर रस्ता, दोन्ही बाजूंना हिरवळ, दूरवर फुजी पर्वत, आणि वळणावळणाला जाहिरातींचे फलक. आत झायलॉग कंपनीचे सोळा बिटांचे दोन प्रोसेसर होते आणि जोडीला आठ बिटांचा झेड-८०. आज आपल्या खिशातल्या फोनसमोर ही ताकद म्हणजे किस झाड की पत्ती. पण १९८२ साली घरोघरी टीव्हीला जोडले जाणारे बहुतेक गेम आठ बिटांवर चालत होते, तेव्हा ही मोठी चैन होती. कल्पना राबवणाऱ्यांत 'पॅकमॅन'चे जनक तोरु इवातानी होते. अमेरिकेत हा गेम अटारीने आणला आणि १९८३ साली तिथे सर्वाधिक कमाई करणाऱ्या यंत्रांत त्याचे नाव अगदी वर होते.

आता यातली गंमत सांगतो. या गेममधला रस्ता खरा त्रिमितीय नाही. एखाद्या कागदावर खालून वर आडव्या रेघा आखा. प्रत्येक रेघेवर रस्त्याचा एक तुकडा रंगवा, सर्वांत खालच्या रेघेवर रुंद आणि वर जाल तसा निमुळता. झाला सरळ रस्ता. वळण आणायचे असेल तर रेघा बाजूला सरकवायच्या. खालची जागच्या जागी, तिच्या वरची जराशी, त्याच्या वरची आणखी थोडी. पत्त्यांचा जोड टेबलावर ठेवून बोटाने एका अंगाला कलता करावा, अगदी तसे. समोरच्या गाड्या आणि फलक ही चपटी चित्रे. ती लहानाची मोठी करत नेण्याचे काम वेगळे सर्किट करते. आपली गाडी एक इंचही पुढे जात नाही. रस्ताच आपल्याकडे येत राहतो.

एवढ्या नकली मालमसाल्यात एक गोष्ट मात्र अस्सल होती. वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला ओढली जाई. वेग जितका जास्त आणि वळण जितके तीव्र, तितकी ओढ मोठी. म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबून बसणारा हटकून फलकावर जाऊन आदळे. कुठे पाय उचलायचा हे ज्याला कळले, त्याचाच फेरा लवकर पूर्ण होई. वेगाचा खेळ, पण जिंकायला वेग सोडता यावा लागतो, हे खऱ्या शर्यतीतले मर्म त्या चपट्या चित्रांत उतरले होते.

दुसरी अस्सल गोष्ट म्हणजे पात्रता फेरी. नाणे टाकले की लगेच शर्यत सुरू होत नसे. आधी एकट्याने एक फेरा मारायचा. मशीनच्या मालकाने आकडे बदलले नसतील, तर तो त्र्याहत्तर सेकंदांच्या आत झाला पाहिजे. जितका लवकर, तितकी पुढची जागा. नाही जमले तर मुख्य शर्यत बघायलाही मिळत नाही.

पुणे जिल्ह्यातल्या वाचकांना हा प्रकार परका वाटायचे कारण नाही. खेड, आंबेगाव, जुन्नरकडच्या घाटातली बैलगाडा शर्यत आठवा. तिथेही एका वेळी एकच गाडा पळतो. त्या पळण्याला बारी म्हणतात. शेजारी प्रतिस्पर्धी नसतो, स्पर्धा असते ती घड्याळाशी, आणि सेकंदांचा आकडा लाउडस्पीकरवरून पुकारला, की घाट दुमदुमतो. सातारा-सांगलीकडे अनेक गाड्या एकदम सुटतात, तो प्रकार निराळा. नाम्कोच्या इंजिनियरांनी घाट पाहिला असण्याची शक्यता शून्य. पण आधी बारी आणि मग शर्यत, असे दोन्ही त्यांनी एका नाण्यात बसवले होते.

आता मुद्द्याचे. वाटेतल्या फलकावर किंवा दुसऱ्या गाडीवर आदळले की काय होई? गाडीचा स्फोट. पडद्यावर आगीचा लोळ. आणि काही क्षणांत तीच गाडी, तसाच चकाकता रंग, पुन्हा रस्त्यावर उभी. गेले काय, तर थोडा वेळ. सौ.ने चिरंजीवांच्या खोलीत जे पाहिले त्याची सुरुवात ही अशी झालेली आहे.

पण तो पडद्यावरचा रस्ता कुठला होता? तो होता जपानमधल्या फुजी स्पीडवेचा. खऱ्या ट्रॅकवर बेतलेले असे गेम त्याआधी जवळजवळ नव्हतेच. याच फुजीवर १९७६ साली जपानमधली पहिली फॉर्म्युला वन विश्वविजेतेपदाची शर्यत झाली. धो धो पाऊस होता. काही आठवड्यांपूर्वीच जर्मनीतल्या शर्यतीत भाजून मरणाच्या दारातून परतलेला निकी लाउडा दोन फेऱ्यांनंतर गाडी बाजूला घेऊन उतरला. या पावसात चालवणे शहाणपणाचे नाही, असे त्याचे म्हणणे. त्याच्या त्या निर्णयामुळे जगज्जेतेपद एका गुणाने जेम्स हंटकडे गेले. पुढच्या वर्षी, १९७७ मध्ये, त्याच ट्रॅकवर दोन गाड्यांची टक्कर झाली, एक गाडी उडाली आणि मनाई केलेल्या जागी उभ्या असलेल्या दोन माणसांचा जीव गेला. त्यानंतर फॉर्म्युला वनने फुजीकडे तीस वर्षे पाठ फिरवली. ती पुन्हा तिथे गेली २००७ साली.

म्हणजे बघा, १९८२ मध्ये जगभरची पोरे नाणी टाकून ज्या फुजीवर फॉर्म्युला वन चालवत होती, त्या फुजीवर खरी फॉर्म्युला वन बंद होती, आणि ती सुटली ती माणसे मेल्यानंतर. खेळात सगळे आले, पर्वत आला, वळणे आली, पात्रता फेरी आली. पाऊस आणि ती दोन माणसे तेवढी आली नाहीत.

हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आपले सिंगापूर उभे राहिले, कारण इथली कथा जवळपास अशीच आहे.

नव्या पिढीला वाटते सिंगापुरात मोटारींची शर्यत २००८ साली आली. पण १९६१ पासून १९७३ पर्यंत ती इथे होत होती, आणि तीही खास बांधलेल्या ट्रॅकवर नाही. अप्पर थॉमसन रोड आणि ओल्ड अप्पर थॉमसन रोड मिळून सुमारे ४.८ किलोमीटरचा फेरा होई. मलेशियात असताना ती मलेशियन ग्रां प्री म्हणून भरे, आणि स्वतंत्र झाल्यावर १९६६ पासून सिंगापूर ग्रां प्री. 'सर्कस हेअरपिन', 'स्नेक्स', 'डेव्हिल्स बेंड' अशी वळणांची नावे होती. कडेला पावसाळी गटारे, विजेचे खांब, बस स्टॉप. १९७२ साली एक चालक गेला, १९७३ साली आणखी एक गेला. शहरातली रहदारी वाढत होती, रस्ते बंद ठेवणे अवघड होत होते, आणि त्यात हे मृत्यू. शर्यत बंद झाली.

पुढे दहा वर्षांच्या आतबाहेर पाळी आली व्हिडिओ गेमच्या दुकानांची. मुले शाळा बुडवतात, पैसे उडवतात, वाईट संगतीला लागतात, अशा तक्रारी होत्याच. १९८०च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत सरकारने या दुकानांच्या परवान्यांना कात्री लावली. खरी शर्यत गेली ती माणसे मरत होती म्हणून, आणि खोटी शर्यत गेली ती मुले बिघडत होती म्हणून. पालक म्हणून दोन्ही निर्णयांमागची काळजी मला परकी वाटत नाही. आपल्यापैकी कितीजणांनी वायफायचा पासवर्ड बदलून पाहिलेला नाही, हात वर करा!

पण बंदीचे पुढे काय होते? दोन्ही परत आले. गेमची दुकाने मॉलमध्ये आली, गणवेशातल्या मुलांवर निर्बंधांची पाटी लावून. आणि शर्यत परतली २८ सप्टेंबर २००८ रोजी, मरीना बेला, फॉर्म्युला वनच्या इतिहासातली पहिली रात्रीची शर्यत म्हणून. पंधराशेच्या आसपास प्रखर दिव्यांनी रस्ता असा उजळला, की 'नाइट ड्रायव्हर'च्या काळ्या पडद्याची बिलकूल आठवण होऊ नये. या वेळी मात्र जाळ्या होत्या, संरक्षक भिंती होत्या, वळणावळणाला प्रशिक्षित मार्शल होते. आपल्याकडे बैलगाडा शर्यतीचे तेच झाले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरवला. माणसाची शर्यतीची हौस कुलपात राहत नाही. तिला नियम मात्र लावता येतात.

त्या २००८च्या शर्यतीची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. रेनो संघाच्या एका गाडीने भिंतीला धडक दिली, त्यामुळे सेफ्टी कार आली, आणि त्याचा फायदा होऊन त्याच संघाचा फर्नांडो अलोन्सो जिंकला. पुढच्या वर्षी उघडकीस आले, की ती धडक ठरवून दिलेली होती. चालकाला गाडी आपटायला सांगितले होते! व्हिडिओ गेममध्ये धडकेची किंमत म्हणजे थोडा वेळ. इथे तर एका खऱ्या संघाने खऱ्या भिंतीवरच्या धडकेचा हिशेब तसाच सेकंदांत मांडला. सौ.ची भीती म्हणजे नेमकी हीच. आपटण्याची किंमत मनातून गेली, की माणूस कुठवर जाईल सांगता येत नाही.

मी या किमतीचा एक हिशेब मांडून पाहिला. थॉमसन रोडवर धडकेची किंमत होती जीव. आर्केडच्या यंत्रावर ती झाली एक नाणे. खिशात मोजून नाणी असलेल्या मुलाला तेही लागते. आम्हाला नाशिकला नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा गेम मिळाला. त्यात 'रोड फायटर' आणि 'एफ-वन रेस' ही कॅसेट जीर्ण होईपर्यंत खेळलो. तिथे नाणेही गेले. उरली फक्त आईची हाक, "पुरे आता, डोळे फुटतील!" आणि आमच्या चिरंजीवांच्या टेबलावर तर दार बंद आणि कानाला हेडफोन. हाकही पोचत नाही. चित्र दर पिढीला जास्त खरे होत गेले आणि धडक दर पिढीला जास्त स्वस्त होत गेली.

म्हणून स्टिअरिंग टेबलावरून काढून टाकावे का? सौ.चे मत तेच होते. पण इथे सिंगापूरने मला एक निराळे उत्तर दाखवले. ज्या शहराने एके काळी गेमची दुकाने आवरली, त्याच शहराने डिसेंबर २०१९ पासून लायसन्स काढणाऱ्या प्रत्येकाला प्रॅक्टिकल टेस्टच्या आधी सिम्युलेटरवर बसणे सक्तीचे केले आहे. पडदा, स्टिअरिंग, पेडल्स. 'ग्रॅन ट्रॅक १०'चेच वंशज, पण आता सरकारमान्य! चिरंजीवांचीही तिथली सत्रे नुकतीच झाली. आडवा येणारा पादचारी, एकदम दार उघडणारी टॅक्सी, पावसात ब्रेक, असले प्रसंग.

मग खेळणे कुठे संपते आणि शिक्षण कुठे सुरू होते? माझे काम कंट्रोल सिस्टिम्सचे. अमेरिकेत एम. एस. करताना त्याची गोडी लागली आणि गेली वीसेक वर्षे त्यावरच पोट भरतो आहे. आमच्या क्षेत्रात रासायनिक कारखान्यांच्या ऑपरेटरांना सिम्युलेटरवर तयार करतात. पडदे तेच, अलार्म तेच, फक्त मागे खरा कारखाना नसतो. शिकाऊ ऑपरेटर तिथे महिन्याभरात इतक्या वेळा कारखाना उडवतो, की खरा असता तर जुराँग बेटाचा नकाशा बदलला असता. तरीही त्याला आपटायची सवय लागत नाही. का?

कारण रीसेटचे बटण त्याच्या हातात नसते. ते इन्स्ट्रक्टरकडे असते. दुर्घटना झाली की इन्स्ट्रक्टर पडदा गोठवतो, ऑपरेटरची खुर्ची मागे ओढतो आणि विचारतो: पहिला अलार्म कधी वाजला? तो तू बघितलास का? कुठल्या क्षणापर्यंत हे टाळता आले असते? नंतर सगळी नोंद मागे नेऊन तो क्षण पुन्हा दाखवतात. कधी कधी दहा मिनिटांच्या प्रसंगावर तासभर चर्चा होते. वैमानिकांच्या प्रशिक्षणातही अशीच उजळणी असते. यंत्र गेमच्या जातीचेच आहे. फरक पडतो तो धडक आणि पुढचा स्टार्ट यांच्या मध्ये काय घडते त्याने. 'पोल पोझिशन'ने ती मधली जागा काही क्षणांची केली, कारण दुकानदाराला पुढचे नाणे हवे होते. आजच्या गेममध्ये तर एक बटण दाबले की झाले.

तेव्हा आम्ही घरात एक तह केला. स्टिअरिंग राहील, पण धडक झाली की लगेच रीस्टार्ट नाही. आजच्या गेममध्ये रीप्ले असतो. तो मागे न्यायचा आणि तीन प्रश्नांची उत्तरे वहीत एकेका ओळीत लिहायची. धोक्याची पहिली खूण कुठे दिसली? पाय कुठे उचलायला हवा होता? आणि हा रस्ता खरा असता, तर तुझ्याशिवाय कुणाला लागले असते?

चिरंजीव अर्थातच कुरकुरले. "बाबा, हा गेम आहे, तुझं ऑडिट नाही!" पहिल्या आठवड्यातली उत्तरेही तशीच. "बॅड लक." "समोरचा मूर्ख." तिसऱ्या प्रश्नापुढे नुसती रेघ. मी काही बोललो नाही. नव्या ऑपरेटरांचीही पहिली उत्तरे अशीच असतात.

दोन-तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी जेवताना तो आपण होऊन म्हणाला, "बाबा, एक गंमत आहे. मी ज्या वळणावर आपटतो ना, तिथे माझी चूक नसतेच. ती त्याच्या आधीच्या वळणावर झालेली असते. तिथून फास्ट निघालो की पुढचं हातात राहतच नाही." आमच्या कारखान्यांतल्या अपघातांच्या अहवालांचे सार याहून वेगळे नसते. मी फक्त त्याच्या पानात आणखी एक पोळी वाढली.

एका शनिवारी सकाळी मी त्याला ओल्ड अप्पर थॉमसन रोडवर चालायला घेऊन गेलो. शर्यतीच्या काळातले ते वळण-वळण आता झाडांच्या सावलीत निवांत पडले आहे. एकेरी रस्ता, कडेला माकडे, आणि लगतच २०१९ मध्ये झालेले थॉमसन नेचर पार्क. शर्यतीची माहिती देणारा फलकही आहे. चिरंजीवांनी रस्त्याची रुंदी डोळ्यांनी मोजली. "इथून रेस कार जायच्या? एवढ्याशा रस्त्यावरून?" मग कडेच्या झाडांकडे बघून थोडा वेळ गप्प राहिला. पडद्यावर झाड म्हणजे चित्र असते. हाताने चाचपून पाहिलेले झाड निराळे.

एवढ्याने सौ.चे समाधान झाले म्हणता? छे! तिचा सवाल असा, की "वहीत लिहायला घरी वेळ मिळतो. रस्त्यावर कोण थांबून तीन प्रश्न विचारणार आहे?" प्रश्न बिनतोड आहे. रस्त्यावर रीप्ले नाही आणि रीसेटही नाही. तिथे ते प्रश्न आधी विचारलेले असावे लागतात, इतक्या वेळा की पाय आपोआप उचलला जाईल. तेवढीच माझी आशा आहे आणि तेवढ्यासाठीच ती वही आहे. लाउडा पावसात दोन फेऱ्यांनंतर उतरला, त्याने तो निर्णय त्या क्षणी घेतला असे दिसते खरे, पण त्याची उत्तरे जर्मनीतल्या आगीत आधीच लिहून झाली होती. आपल्या मुलांना ती उत्तरे आगीशिवाय मिळावीत, एवढेच आपण पाहायचे.

प्रॅक्टिकल टेस्टची तारीख पुढच्या महिन्यातली आहे. पास झाला तर पहिले वर्षभर गाडीला पुढे-मागे त्रिकोणी प्रोबेशन प्लेट लागेल. आमच्या गाडीच्या सीओईची दहा वर्षे भरत आली आहेत, त्यामुळे तिला ओरखडा आला तर माझी तक्रार नाही. अट एकच ठरली आहे. सुरुवातीचे काही महिने शेजारच्या सीटवर आई किंवा बाबा. सौ.ने जाहीर केले आहे की पहिली पाळी तिची. तिच्या शेजारी बसून ज्याने पाय वेळेवर उचलला, त्याची पात्रता फेरी झाली असे मी समजेन.

तुमच्या घरी या बाबतीत कोणते तह झाले आहेत, ते संपादकांकडे जरूर लिहून पाठवा. आईवडिलांनी लिहावेच, पण मुलांनी लिहिले तर आधिक आनंद होईल.